दोन पट्ट्या खाली

हेडक्लार्कांना आपल्या आवाजाचा अभिमान होता, आणि तो अगदीच उगाच नव्हता. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक तीनच्या मागे बसून एकवीस वर्षं ते लोकांची नावं पुकारत आले होते. त्यांनी पुकारलेलं नाव रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात ऐकू जाई, आणि तिथे उभा असलेला माणूस निम्म्या प्रती तशाच टाकून धावत येई. दाखला जन्माचा असो की मृत्यूचा, सूर एकच. त्यात आनंद नाही, दुःख नाही, फक्त नोंद आहे, असं ते नव्या कारकुनांना समजावून सांगत. नवे कारकून माना डोलावत आणि बाहेर जाऊन नक्कल करत.

त्यामुळे लिफ्टला आवाज हवा अशी वेळ आली तेव्हा सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. उशीर का केलात, एवढंच वाटलं.

वेळ आली ती तिसऱ्या मजल्यावरच्या ऑपरेटरमुळे. हे गृहस्थ एका बँकेत टेलिफोन बोर्डावर होते. जन्मापासून दृष्टी नाही. जुन्या लिफ्टमध्ये ते सेकंद मोजून उतरत आणि वीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते. मग लिफ्ट बदलली. नवी हळू चाले, आणि बोलत असे ती कुठल्यातरी परदेशी भाषेत, एका बाईच्या आवाजात, ज्यातलं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ऑपरेटर जुन्या हिशेबानं दुसऱ्या मजल्यावर उतरले, उघड्या दारातून ड्रिलमास्तरांच्या घरात शिरले, बूट काढले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "चहा टाक गं." ड्रिलमास्तरांच्या बायकोनं संकोचापोटी चहा टाकला. कप संपेपर्यंत दोघंही काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा सभा बोलावली गेली.

सेक्रेटरीबाईंनी लिफ्ट कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. आपला आवाज आपणच भरून द्यायचा. पाच मजल्यांची पाच वाक्यं, दार उघडण्याचं एक, बंद होण्याचं एक, आणि लिफ्ट अडकली तर बॅटरीवर वाजत राहणारं एक: घाबरू नका, मदत येत आहे.

"आठ वाक्यं," हेडक्लार्क म्हणाले. "रविवारी देतो."

तो रविवार कॉम्प्युटरनं खाल्ला.

कॉम्प्युटर लेकीचा होता. ती घरूनच नोकरी करे. हेडक्लार्कांनी तिचा हेडफोन कानाला लावला आणि 'दरवाजा बंद होत आहे' हे वाक्य अकरा वेळा वेगवेगळ्या वजनानं म्हटलं. लेकीची रविवारी मुद्दाम ठेवलेली मीटिंग चालू होती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. चौदा माणसांनी ते अकराही वेळा शांतपणे ऐकलं, आणि शेवटी तिच्या साहेबांनी विचारलं की आम्ही निघावं असं सुचवायचं आहे का. एवढा अपमान गिळून त्यांनी पुन्हा आवाज भरला, तर कॉम्प्युटरनं आपणहून तो स्वच्छ केला. पंख्याची घरघर समजून त्यानं आवाजाचा सगळा खर्ज काढून टाकला. 'तिसरा मजला'मधलं उरलं ते 'सरा जला', तेही कुणीतरी नाक धरून म्हटल्यासारखं.

"ज्या यंत्राला माणूस आणि पंखा यांतला फरक कळत नाही," हेडक्लार्क म्हणाले, "त्याच्यापुढे मी तोंड उघडणार नाही."

"मामाचं ते आहे की," लेक म्हणाली. तिला तिचा कॉम्प्युटर परत हवा होता.

मामाचं ते, म्हणजे हेडक्लार्कांच्या मेव्हण्याचा कीबोर्ड. मेव्हणा ऑर्केस्ट्रात वाजवायचा. आठ महिन्यांच्या करारावर तो एका प्रवासी जहाजावर गेला होता, आणि खोलीला ओल येते म्हणून वाद्य बहिणीकडे ठेवून गेला होता. हेडक्लार्कांच्या आईच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर ते पांढऱ्या चादरीखाली पडलेलं असे. लांबी साधारण माणसाएवढी. हेडक्लार्क त्या खोलीत शिरले की पहिल्यांदा नजर तिथेच जाई, आणि त्यांच्या नोकरीमुळे मनात जे यायचं ते येऊन जाई.

मेव्हण्याला फोन लावला. मागे समुद्राचा की वाऱ्याचा आवाज येत होता.

"दाजी, तो नुसता कीबोर्ड नाही, वर्कस्टेशन आहे. सगळं त्यातच होतं, कॉम्प्युटर लागत नाही. मागे माइकची वायर खुपसा. सॅम्पलिंगचं बटण दाबा. लाल दिवा लागला की बोला, परत दाबलं की बंद. मग तुम्ही बोललात ते पट्ट्यांवर येतं."

"पट्ट्यांवर येतं म्हणजे?"

"म्हणजे पट्टी दाबली की तुम्ही बोलता."

हे वाक्य हेडक्लार्कांना आवडलं नाही. का, ते मात्र सांगता येईना.

"आणि हे बघा, बरोबर मधली पांढरी एक दाबायची. तिथे आवाज जसाच्या तसा. डावीकडे सरकलात तर जाड आणि संथ होत जातो, उजवीकडे गेलात तर उंदीर. मग ते वाजवून आतल्या आत पुन्हा भरायचं आणि पेनड्राइव्हवर घ्यायचं. सोपं आहे."

'सोपं आहे' हे ऐकल्यावर कुठल्याही शहाण्या माणसानं फोन ठेवून गप्प बसावं. पण तोवर इमारतीत बातमी पसरली होती आणि सल्ले यायला लागले होते. पहिल्या मजल्यावरच्या होमिओपॅथ डॉक्टरांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली दिली आणि तीन दिवस बोलू नका म्हणाले. ड्रिलमास्तरांचं मत असं की आवाज पोटातून येतो आणि पोट टाचांवर अवलंबून असतं, तेव्हा सावधानमध्ये उभं राहून बोलावं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "कपाटात तोंड घालून बोला. रजयांमध्ये आवाज घुमत नाही. माझ्या भाच्यानं केलं होतं." भाच्याचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी, तीन दिवस मुक्यानं काढलेले हेडक्लार्क टाचा जुळवून, रजयांच्या कपाटात खांद्यापर्यंत शिरून उभे होते. माइक कपाटाच्या दांडीला नाडीनं बांधला होता. बटण दाबायचं काम बायकोकडे. आईला उठवून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं.

आईचं वय एक्क्याऐंशी. गेल्या वर्षभरात तिचं बोलणं आटत आटत तीन शब्दांवर आलं होतं: हो, नको, बरं. डॉक्टरांनी कान तपासले, डोक्याचे फोटो काढले आणि कागदावर 'वयोमान' असं लिहून दिलं. घरच्यांनीही ते मान्य केलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून असे, आणि घरातली बोलणी तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात.

पहिल्या खेपेला लाल दिवा फडफडला, म्हणजे आवाज जास्त झाला. दुसऱ्या खेपेला मेव्हण्यानं कधीतरी लावून ठेवलेला 'मोठा हॉल' नावाचा परिणाम चालूच राहिला होता, त्यामुळे हेडक्लार्क विहिरीत पडून मजले मोजताहेत असं वाटलं. तिसऱ्या खेपेला आठही वाक्यं नीट आली. घामेजलेले हेडक्लार्क कपाटातून बाहेर आले, वर्कस्टेशनसमोर बसले, डावीकडून मोजत मोजत मधली पांढरी एक शोधली आणि बोट दाबलं.

"तळमजला," यंत्र म्हणालं.

"जपून या," बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली. "पायरीशी पाणी सांडलंय."

बायकोनं हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्कांचं बोट पट्टीवर तसंच दाबलेलं होतं. अंगावर आलेला काटा त्यांना स्वतःला दिसत होता, कारण बाही वर दुमडलेली होती. आईच्या बोलण्यानं तो आला नव्हता, तो त्याआधीच, त्या एका शब्दानं आला होता. त्यांनी दुसरं वाक्य लावलं.

"पहिला मजला."

"आज लवकर सुटलात," आई म्हणाली. अगदी साध्या सुरात, भाजी निवडताना बोलावं तसं.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. भूमापन खात्यात मोजणीदार होते, आणि माणूस इतका मितभाषी की दिवसभरात घरात पंधरावीस शब्द खर्च केले तर संध्याकाळी दमलेले दिसत. तोच आवाज होता. जरा जाड, जरा संथ, प्रत्येक शब्द जमिनीत खुंटी ठोकल्यासारखा. त्यांच्या मृत्यूची नोंद हेडक्लार्कांनी स्वतः केली होती, खाली सही त्यांचीच होती. नोंद झाली की विषय संपतो, हे त्यांचं एकवीस वर्षांचं मत होतं, आणि आता एक्क्याऐंशी वर्षांची बाई बाहेरच्या खोलीत त्या मताला उत्तरं देत होती.

बायको बाहेर गेली. "आई, कोणाशी बोलताय?"

आईनं पदर सारखा केला. "काही नाही," म्हणाली.

बायको परत आली ती हातात पोछा घेऊन. दाराच्या पायरीशी खरंच पाणी सांडलेलं होतं. तिनं दुपारी बादली नेली तेव्हा सांडलं असणार, असं ती दोनदा म्हणाली.

उलगडा दुसऱ्या दिवशी फोनवर झाला. मेव्हणा पोट धरून हसला. "दाजी, तुम्ही दोन पट्ट्या खाली वाजवलंत. मोजायला चुकलात. आवाज तुमचाच, फक्त खाली आलाय." वयोमानानं मुलाचा आवाज बापावर जातो, त्यात दोन पट्ट्यांची कसर उरली होती ती यंत्रानं भरून काढली, एवढाच प्रकार. हेडक्लार्कांना अतिशय हलकं वाटलं. त्यांनी मधली पांढरी एक पुन्हा नीट मोजली, तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि पुन्हा वाजवून भरायला बसले.

"राहू दे तसंच," दारात उभी असलेली बायको म्हणाली.

"अगं, पण तो माझा आवाज नाही."

"काल आई दहा शब्द बोलल्या. मी मोजले. वर्षभरात एका दिवशी एवढं बोलल्या नाहीत त्या."

हेडक्लार्कांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग यंत्र बंद केलं आणि चादर ओढली. ओढताना ती चेहऱ्यावरून ओढावी तशी हळू ओढली गेली, हे त्यांना नंतर आठवलं.

पेनड्राइव्ह तसाच गेला. कंपनीकडून लिफ्ट निरीक्षकांच्या कार्यालयात गेला, आणि तिथून एक फॉर्म परत आला. त्यात नववा रकाना होता: आवाज देणारी व्यक्ती हयात आहे काय, असल्यास तसा दाखला जोडावा. असा दाखला गावात एकच कार्यालय देत असे, आणि त्या कार्यालयात एकच हेडक्लार्क होते. त्यांनी कोरा दाखला ओढला, लिहिला, शिक्का उचलला.

"साहेब," धाकटा कारकून घसा खाकरून म्हणाला, "स्वतःचा दाखला स्वतःला देता येत नाही. तुमचंच परिपत्रक आहे."

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा हेडक्लार्क खिडकी क्रमांक तीनच्या बाहेरच्या बाजूला उभे राहिले. रांगेत सतरावे. धाकट्या कारकुनाचा आवाज इतका बारीक की त्यांचं नाव पुकारलं गेलं ते त्यांना ऐकूच आलं नाही, आणि पाळी गेली. दुसऱ्या पाळीला कळलं की शेजारचे दोन साक्षीदार लागतात. आवाज याच व्यक्तीचा आहे, असं त्यांनी ऐकून लिहून द्यायचं.

सेक्रेटरीबाईंनी न ऐकताच सही केली. दुसरी साक्ष ऑपरेटरांची घ्यावी हे ओघानंच आलं. आवाज ओळखण्यात त्यांचा हात कोण धरणार. हेडक्लार्क त्यांच्या घरी गेले आणि फोनवर घेतलेली वाक्यं लावली. ऑपरेटरांनी मान कलती करून आठही ऐकली.

"हा आवाज तुमचा नाही," ते म्हणाले.

"माझाच आहे. जरा खाली आलाय."

"तुमच्या घरातला आहे. पण तुमचा नाही." त्यांनी मान दुसऱ्या बाजूला कलती केली. "वयानं मोठे आहेत. उजव्या हातात काहीतरी जड धरून बोलताहेत. पुन्हा लावा बरं." पुन्हा लावलं. "हो, काठी किंवा साखळी. कोण आहेत हे?"

मोजणीची साखळी वडिलांच्या उजव्या हातात असायची. हेडक्लार्क या इमारतीत राहायला आले ते वडील गेल्यानंतर तीन वर्षांनी. इथल्या कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं तर नाहीच.

"तुम्ही सही करताय ना?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"खोटी कशी करू. मी आयुष्यभर एवढंच काम केलंय." मग दारापर्यंत पोचवायला येऊन ते हळूच म्हणाले, "पण आवाज चांगला आहे. लागू द्या लिफ्टमध्ये. मी यांच्या सांगण्यावरून उतरेन."

सही शेवटी होमिओपॅथ डॉक्टरांनी केली. गोळ्यांचा गुण आला असं त्यांचं म्हणणं होतं.

लिफ्ट बोलू लागली आणि ऑपरेटर एकदाही चुकले नाहीत. इतरांचं मात्र काहीतरी बिघडलं. लिफ्टमध्ये भांडत शिरलेली जोडपी पहिल्या मजल्याशी गप्प होऊ लागली. ड्रिलमास्तर म्हणाले, त्यांच्या टाचा आपोआप जुळतात. पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर जिना वापरू लागले, व्यायाम म्हणून. सेक्रेटरीबाई एका संध्याकाळी घरी येऊन बसल्या, बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "तुमचा आवाज जरा बघतो हो माणसाकडे."

खुद्द हेडक्लार्क चौथ्या मजल्यावर राहात असूनही जिन्यानं चढू लागले. गुडघे कुरकुरत. एकदाच ते लिफ्टमध्ये शिरले होते. 'दरवाजा बंद होत आहे' असं वडिलांनी शांतपणे सांगितलं, आणि हेडक्लार्क मिटत्या झडपांमध्ये हात घालून, दरवाजा ढकलून बाहेर आले होते.

आणि आई उठली. एका दुपारी चार वाजता तिनं चांगलं पातळ नेसलं, केस विंचरले, चपला शोधायला लावल्या आणि म्हणाली, "खाली जाऊन येते." सून सोबत गेली. तळमजल्यावर दार उघडलं, आई उतरली नाही. दार मिटलं, लिफ्ट वर आली, आई उतरली नाही. तिसऱ्या फेरीला ती सुनेला म्हणाली, "तू जा. तुझी कामं असतील." दुसऱ्या दिवसापासून ती एकटी जाऊ लागली. प्लास्टिकचं एक बुटकं स्टूल घेऊन लिफ्टच्या कोपऱ्यात बसायची, चार ते पाच. येणारेजाणारे कोपऱ्यापासून अंग चोरून उभे राहायचे. आई बोलत असायची, हळू आवाजात, आणि मजला आला की थांबायची, लिफ्टला तिचं वाक्य पुरं करू द्यायची.

"एवढंच बोलायचे हो मामंजी," बायको हेडक्लार्कांना म्हणाली. "आईंना काही वेगळं वाटत नसेल."

घरी आली की मात्र आई पुन्हा हो, नको, बरं. हेडक्लार्कांना कळेना की आपण आईला परत मिळवलं की लिफ्टला देऊन टाकलं. सांगायचं कुणाला? मेव्हण्याला सांगितलं असतं तर तो हसला असता. मनात येई, एक दिवस दार उघडेल आणि स्टूल रिकामं असेल.

मग एका मंगळवारी साडेचारला वीज गेली.

बायकोचा फोन आला तेव्हा हेडक्लार्क एक नाव पुकारत होते, ते अर्धंच राहिलं. पंधरा मिनिटांत ते इमारतीत होते. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती. मेकॅनिक निघाला होता, पण सगळ्या रस्त्यांवरचे सिग्नल बंद होते. बायको खाली फाटकाशी त्याची वाट बघत थांबली. हेडक्लार्क जिना चढून गेले आणि लिफ्टच्या बंद दाराशी, पायरीवर बसले. जिन्यात खिडकी नव्हती. दाराच्या फटीतून बॅटरीच्या दिव्याची पिवळी रेघ तेवढी दिसत होती.

"घाबरू नका," आतून वडील म्हणाले. "मदत येत आहे."

"घाबरतंय कोण," आई म्हणाली.

दर अर्ध्या मिनिटानं तेच वाक्य, आणि मधल्या जागेत आईचं बोलणं. हेडक्लार्क हाक मारणार होते, पण तोंडाशी आलेली हाक तिथेच राहिली. असं बोलताना तिला त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. नात जेवायच्या वेळी फोनमध्ये बघते, वाळत चालली आहे. न्हाणीघरातला नळ गळतो, दोन महिने, कुणाला ऐकूच येत नाही. सून पाठ धरून उठते, सांगत नाही. "आणि तो," आई म्हणाली, "जिन्यानं येतो. चारही मजले. गुडघ्यांचा आवाज मला आत ऐकू येतो. तुम्हाला घाबरतो की काय कोण जाणे."

"घाबरू नका. मदत येत आहे."

"त्याला सांगा."

अर्धा तास झाला असेल. फटीतली रेघ आधी तांबूस झाली. वडिलांचा आवाज आणखी जाड, आणखी संथ झाला, जणू ते एकेक पट्टी खाली उतरत होते. "घाबरू न," ते म्हणाले, आणि रेघ विझली.

मग आईचा आवाज आला, आधीपेक्षा लहान. "अहो?"

हेडक्लार्कांनी कपाळ दाराला टेकवलं. पत्रा गार होता.

"अहो, आहात ना?"

आयुष्यात त्यांनी हजारो नावं पुकारली होती. आता त्यांनी छाती भरून घेतली, हनुवटी खाली दाबली आणि आवाज जेवढा उतरेल तेवढा उतरवला. "आहे," ते म्हणाले. "मदत येत आहे."

आपण काय करून बसलो, या भीतीनं त्यांनी कान दाराला लावला.

"तू आहेस होय," आई म्हणाली. "कधी आलास?"

"मघाशी."

"मग नीट बोल की. घसा फाटेल अशानं."

हेडक्लार्क नीट बोलले. म्हणजे आधी हनुवटी वर केली. मग म्हणाले, "आई, तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. ते 'मजला' कधी म्हणायचे? 'माळा' म्हणायचे. जन्मभर माळाच म्हणाले." दाराआडून स्टूल सरकल्याचा आवाज आला. ती दाराजवळ येऊन बसली असावी, कारण पुढचं बोलणं अगदी त्यांच्या कानाशी आलं. "आवाज ऐकला नि उत्तर तोंडातून निघून गेलं. मग बरं वाटलं. घरात तुम्ही मला काय विचारता? जेवलीस का, हो. आणखी हवं का, नको. गोळी घेतलीस का, बरं. याच्यापलीकडे मी उत्तर द्यायचं कशाला? हे निदान काहीतरी सांगतात आणि थांबतात."

हेडक्लार्कांना यावर रकाना सापडेना.

"नळाचं मी बघतो," शेवटी ते म्हणाले.

"बघ. आणि एक विचारायचं होतं." आईनं आतून दारावर टिचकी मारली. "मी उतरायला लागले की ते 'सावकाश' म्हणतात. ते तू कधी भरलंस?"

हेडक्लार्कांनी काळोखात बोटांवर मोजलं. पाच मजले. दार उघडणं, दार बंद होणं. घाबरू नका. आठ. त्यांनी परत मोजलं.

"त्याच दिवशी," ते म्हणाले. "शेवटी."

"वाटलंच," आई म्हणाली.

मेकॅनिक आला तेव्हा वीजही आली. लिफ्टनं एक गचका दिला, अर्धा मजला चढली आणि चौथा मजला म्हणून सांगितलं. आई स्टूल काखेत धरून बाहेर आली, लेकाकडे बघून म्हणाली, "रडलास की काय," आणि घरात गेली.

नळाची गोष्ट तिनं त्यानंतर तीन दिवस सांगितली, आणि चौथ्या दिवशी नळ बदलला. घरात आता तिला काही विचारलं की लवकर सुटका होत नाही. लेक मीटिंगला बसण्याआधी दार लावून घेते, तर आजी दाराबाहेरून बोलते. दुपारी ती अजूनही खाली जाते, पण फाटकाशी जाऊन बसते आणि ड्रिलमास्तरांच्या बायकोशी गप्पा मारते. आवाज बदलून माझा नीट भरू का, असं हेडक्लार्कांनी तिला विचारलं होतं. "कशाला," ती म्हणाली. "लोकांना आता सवय झाली असेल."

त्या रविवारी घरात कुणी नसताना हेडक्लार्कांनी चादर काढली, वर्कस्टेशन लावलं आणि आठही वाक्यं एकेक करून, स्पीकरला कान लावून ऐकली. मधल्या पट्टीवर ऐकली, दोन पट्ट्या खाली ऐकली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक श्वास होता, बस. त्यांनी यंत्र बंद केलं, चपला घातल्या आणि बाहेर पडले. जिन्यापाशी जरा थांबले. मग लिफ्टचं बटण दाबलं.

आत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. दरवाजा बंद होत आहे, असं वडिलांनी सांगितलं. ते हात मागे बांधून, लहानपणी मोजणीच्या शेतात उभे राहात तसे उभे राहिले. तिसरा गेला, दुसरा गेला, पहिला गेला.

"तळमजला."

दार उघडलं. हेडक्लार्क कान देऊन थांबले, दार पुन्हा मिटायला आलं तोवर थांबले. काही ऐकू आलं नाही. तरी त्यांनी पाऊल सावकाशच टाकलं.